अडकलेला पेलेट, गळणारी हवा आणि बॅगेत मावणारं किट: १० मीटर एअर रायफल-पिस्तूलवाल्यांसाठी

ज्यांनी परदेशातले रीलोडिंगचे (रिकामी काडतुसं परत भरायचे) व्हिडिओ बघितलेत त्यांना ते पक्कडीच्या आकाराचं हातातलं हत्यार माहिती असेल. रिकामी पितळी केस त्यात बसवायची, दांडा दाबायचा, पिन आत जाते आणि जळालेली प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) बाहेर पडते. तिकडे काळी दारू वापरणारे नेमबाज तर ते रेंजवरच घेऊन जातात, कारण त्या दारूची राख पितळ खाते, म्हणून तिथल्या तिथे प्रायमर काढून केसेस साबणाच्या पाण्यात टाकतात. आपल्याकडे मात्र ते मागवायचं डोक्यातही आणू नका, शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात आणि बनवायला लायसन्स लागतं. पण त्यामागचा विचार, म्हणजे मोठं वर्कशॉप न लागता जे काम फायरिंग पॉइंटपाशी करायचं त्याचं नेमकं हत्यार बॅगेत असणं, हा आपल्या १० मीटरवाल्यांना शंभर टक्के लागू आहे आणि त्यावर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर.

पॅरिस २०२४ ला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, कोल्हापूर जिल्ह्यातला मुलगा, सेंट्रल रेल्वेत नोकरी, सराव पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर, आणि तेव्हापासून ओळखीतले कितीतरी आई-बाबा मुलांना रेंजवर घालायचं म्हणून विचारत असतात. रायफल कुठली घ्यायची यावर तासभर बोलतात, पण ती घेतल्यावर सोबत काय ठेवायचं हे कोणीच विचारत नाही. आणि मॅच जाते ती बहुतेक वेळा अशाच छोट्या गोष्टीने. टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलात क्वालिफिकेशन चालू असताना बिघाड झाला, वेळ गेला आणि फायनल हुकली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, त्यातली दहा-पंधरा गेली की उरलेले शॉट घाईत मारावे लागतात आणि घाईत १०.५ सारखे चांगले गुण लागत नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बॅगेतलं किट हे रायफल खोलायचं किट नाहीये. रेग्युलेटर (शॉटला लागणारा हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग), व्हॉल्व्ह, ट्रिगर युनिटच्या आतलं काहीही रेंजवर खोलायचं नाही, घरी पण नाही, ते सर्व्हिसवाल्याचं काम. आपलं काम तीन गोष्टींचं: बॅरल (नळी) मोकळी करणं आणि साफ ठेवणं, हवा कुठून गळतेय ते ओळखणं, आणि सैल झालेला स्क्रू आवळणं. यासाठी लागणारं, रायफलचा लांब रॉड सोडून, सगळं एका जेवणाच्या डब्याएवढ्या पाउचमध्ये मावतं.

पाउचमध्ये काय काय

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे नायलॉनची दोरी. गवत कापायच्या मशीनला जी लागते तीच, साधारण २ मिमी जाडीची, शेती औजारांच्या दुकानात मीटरवर मिळते. बॅरलच्या दुपटीहून जास्त लांब तुकडा घ्यायचा. एक टोक तिरकं कापून लायटरने हलकंसं गोल करायचं म्हणजे आत ओरखडा येत नाही, दुसरं टोक थोडं तापवून चपटं करून त्याला जाड सुईने भोक पाडायचं, त्यात कापडाची पट्टी ओवायची. हेच तुमचं पुल-थ्रू. पण ते चपटं केलेलं टोक ४.५ मिमीच्या बॅरलमधून आरामात जातंय का हे आधी बाहेर कॅलिपरने किंवा निदान पट्टीने मोजा, नाहीतर तेच आत अडकायचं.

दुसरी वस्तू रॉड. ४.५ मिमीसाठीचा, प्लॅस्टिक कोटिंग असलेला किंवा पितळी, एकसंध. तीन तुकडे जोडून होणारे रॉड बॅगेत छान मावतात हे खरं, पण जोडाच्या जागी कड असते आणि ती आतल्या रायफलिंगला (पिळदार खाचांना) घासते, त्यामुळे रायफलवाल्यांनी एकसंध रॉड रायफलच्या केसमध्येच ठेवावा. पिस्तुलाची बॅरल आखूड, तिथे एकसंध रॉड ठेवायला काहीच अडचण नाही. रॉडच्या टोकाला सपाट पितळी तुकडा लागतो, टोकदार नको, कारण टोकदार टोक पेलेटच्या (एअर गनच्या छोट्या गोळीच्या) मऊ शिशात घुसतं, त्याचा घेर फुगतो आणि तो अजून घट्ट बसतो.

मग फेल्ट पेलेट (बॅरल पुसायला मारायचे नमद्याचे तुकडे), ४.५ मिमीचे. मिलिमीटरवाल्या ॲलन की, १.५ पासून ५ पर्यंत, आणि इथे पैसे वाचवू नका. पुण्यात बोहरी आळीत अगदी स्वस्तातला सेट पण मिळतो आणि चांगल्या कंपनीचा पण, चांगलाच घ्या, कारण मऊ लोखंडाची की गोल होते आणि जाताना स्क्रूचं तोंड पण गोल करून जाते, मग तो स्क्रू काढायला ड्रिल लागतं. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, हवेचा सिलिंडर जिथे रायफलला बसतो तिथल्या ओ-रिंगचे (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचे) दोन स्पेअर, ओ-रिंग काढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची टोकेरी काडी (स्टीलची सुई अजिबात नको, खाचेत ओरखडा आला की नवीन रिंग पण गळणार), मऊ ब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, मायक्रोफायबर कापड, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली, पांढरा पेंट मार्कर. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्याच मापाची नवीन बॅटरी. ती शक्यतो पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत घ्या जिथे माल सतत खपतो, वर्षभर शोकेसमध्ये पडलेली बॅटरी नको.

ओ-रिंगबद्दल थोडं जास्त सांगायला पाहिजे. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात हुबेहूब दिसणारी रिंग पाच-दहा रुपयाला मिळून जाते आणि मोह होतो. पण रिंगला नुसतं माप नसतं, कडकपणा पण असतो, तो शोअरमध्ये मोजतात. गाड्यांमध्ये, नळात ज्या साध्या नायट्राइल रिंग असतात त्या बऱ्याचदा ७० शोअरच्या, आणि जास्त प्रेशरच्या कामाला ९० शोअरची लागते. २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) मऊ रिंग फटीतून बाहेर ढकलली जाते, कडेने कापली जाते आणि दोन-चार आठवड्यात परत फुस्स. त्यामुळे ओरिजनलच मागवा, एकदम पाच-सहा मागवा, एका छोट्या झिपच्या पिशवीत मॉडेलचं नाव लिहून उन्हापासून लांब ठेवा.

पेलेट अडकला, आता काय

आधी तो अडकतो कशाने हे बघू. सगळ्यात कॉमन कारण हवा संपलेली असणं. मुलं शॉट मारत जातात, मॅनोमीटर (हवेच्या दाबाचा काटा) बघत नाहीत, प्रेशर रेग्युलेटरच्या कामाच्या प्रेशरखाली गेलं की शॉटचा आवाज बदलतो, मग एक असा येतो की पेलेट बॅरलमधून बाहेरच पडत नाही. दुसरं कारण डबल लोड, म्हणजे ड्राय फायरच्या (हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावाच्या) सेटिंगवर पेलेट भरला, ट्रिगर दाबला, काही झालं नाही, उघडून अजून एक भरला. तिसरं म्हणजे सफाई करताना एकच फेल्ट पेलेट मारला आणि तो मध्येच राहिला.

अडकलाय हे कळायचं कसं? टारगेटवर शॉट दिसला नाही आणि आवाज वेगळा आला तर थांबायचं, लगेच पुढचा पेलेट भरायचा नाही. हा नियम मुलांच्या अंगात मुरला पाहिजे. आणि तपासायचं हत्यार तुमच्याकडे आधीपासूनच आहे, सेफ्टी फ्लॅग, म्हणजे गन रिकामी आहे हे दाखवायला बॅरलमध्ये घालायची दोरी (सेफ्टी लाइन)! एअर गनसाठी आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाप्रमाणे सेफ्टी लाइन पूर्ण बॅरलभर जाईल एवढी लांब लागते. ती मागून आत सरकवली आणि पुढून टोक दिसलं तर बॅरल मोकळी, मध्येच अडली तर पेलेट आत आहे, आणि किती लांबवर आहे ते पण लाइनवर बोट धरून मोजता येतं. बॅरलमध्ये डोळा लावून बघायचं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून पण नाही. ज्या टोकातून पेलेट बाहेर येतो तिथे तोंड नेण्याचं कोणतंही कारण नसतं.

मॅच चालू असेल तर पहिली पायरी म्हणजे नळी टारगेटकडेच ठेवून हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, कारण बॅरल मोकळी करताना जो शॉट सुटेल तो टारगेटवर नोंदला जाऊ शकतो, आणि वेळेचं काय ते पण तेच ठरवणार. सरावात असाल तर कोचना सांगा आणि शेजारच्या लेनवाल्याला पण.

आता सगळ्यात सोपा उपाय आधी. भरलेला सिलिंडर लावा, नळी टारगेटकडे, नवीन पेलेट न भरता कॉक करा (शॉटसाठी तयार करा), ड्राय फायरचं सेटिंग काढा आणि ट्रिगर दाबा. हवा कमी पडल्यामुळे अडकलेला पेलेट बहुतेक वेळा इथेच निघून जातो. परत सेफ्टी लाइन घालून खात्री करा. निघाला नाही तर एकदा अजून ट्राय करायला हरकत नाही, पण दहा वेळा मारत बसू नका, आणि मागून दुसरा पेलेट घालून पहिल्याला ढकलायचा प्रयत्न तर कधीच करू नका, दोन पेलेट एकमेकांत चेपले जातात आणि काम चौपट होतं.

नाहीच निघाला तर रॉड. पण त्याआधी हवा पूर्ण काढायची, ही पायरी कोणीही गाळायची नाही. सिलिंडर हाताने उलटा फिरवून काढा, सुरुवातीला थोडी फुस्स येते ती मधल्या जागेतली हवा असते, घाबरायचं कारण नाही. सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली असं समजू नका, रेग्युलेटरच्या पुढे एक-दोन शॉटची हवा अजून भरलेली असते. म्हणून सिलिंडर काढल्यावर नळी टारगेटकडे ठेवून कॉक करून ट्रिगर दाबा, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. त्यानंतर ब्रीच (पेलेट भरायची मागची जागा) उघडी ठेवायची आणि ती काम संपेपर्यंत उघडीच ठेवायची.

मग पुढची साइट (नेम धरायचा भाग) किंवा तिची टनेल (तिच्याभोवतीची नळी) काढा, म्हणजे रॉड सरळ जाईल. साइट काढण्याआधी मार्करने एक बारीक रेघ साइटवरून बॅरलच्या नळीवर सलग ओढून ठेवा, परत बसवताना तेवढीच जुळवायची. मॅच रायफलला मागे लोडिंगची व्यवस्था असल्याने रॉड मागून घालायला जागा नसते, त्यामुळे तो पुढून घालून पेलेट मागे लोडिंगच्या खोबणीत ढकलावा लागतो. इथे खरी काळजी पुढच्या कडेची, क्राउनची. बॅरलचं शेवटचं तोंड म्हणजे पेनाची निब आहे, बाकी पेन कितीही महागडं असो, निब वाकली की अक्षर गेलं. पेलेट बाहेर पडताना त्याच्या मागची हवा चारी बाजूंनी सारखी सुटली पाहिजे, कडेला एका बाजूला जरी खरचटलं तर एका बाजूने आधी सुटते आणि पेलेट डुलतो. म्हणून रॉडला बॅरलच्या तोंडाशी बसेल असा प्लॅस्टिकचा गाइड वापरा, मिळाला नाही तर डाव्या हाताची दोन बोटं तोंडाशी गोल धरून रॉड त्यातून सरकवा, म्हणजे रॉड कडेला टेकत नाही.

आता हलक्या हाताने सरळ दाब. हातोडी नाही, रॉडच्या मागे ठोकाठोकी नाही. शिसं मऊ असतं, सावकाश सलग दाबलं तर सरकतं. सरकत नसेल तर थांबा, मागून सेफ्टी लाइनने तपासा की एकच आहे की दोन. खूपच घट्ट असेल तर बॅरल ऑइलचा एक थेंब पुढून सोडून पाच-दहा मिनिटं नळी वरच्या दिशेला ठेवून द्या आणि मग परत ढकला. तरीही नाही निघाला तर रायफल बॅगेत घाला आणि सर्व्हिसला द्या, जास्त जोर लावून बॅरल घालवण्यापेक्षा एक सरावाचा दिवस गेलेला परवडला.

पेलेट मागे आला की तो बोटाने उचला, लोडिंग प्रोबवर (पेलेट आत ढकलणाऱ्या दांडीवर) किंवा सीलवर स्टीलचा चिमटा लावू नका. मग बॅरलमधून कोरड्या कापडाची पट्टी एकदा ओढून घ्या, साइट रेघेवर बसवा, सिलिंडर लावा आणि साइटिंगचे (नेम जुळवायचे) काही शॉट मारल्याशिवाय स्कोअरचा शॉट मारू नका.

रोजची सफाई

बऱ्याच जणांची पद्धत अशी की एक डबा, म्हणजे ५०० पेलेट झाले की सफाई. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. मला स्वतःला पुल-थ्रू जास्त आवडतं, कारण त्यात दिशा आपोआप बरोबर राहते: दोरीचं गोल टोक मागून, लोडिंगच्या बाजूने घालायचं, पुढून बाहेर आलं की पकडून सरळ ओढायचं. कापड ब्रीचकडून तोंडाकडे जातं, घाण पण तिकडेच, आतल्या सीलवर पडत नाही. ओढताना दोरी वाकडी धरू नका, ती क्राउनच्या एकाच बाजूला घासत राहील. आधी एक पट्टी क्लीनर लावून, मग कोरड्या, काळा रंग येणं थांबेपर्यंत. शेवटच्या पट्टीवर तेल लावायचंच असेल तर नावापुरतं. बॅरल ओली राहिली की पहिले कितीतरी शॉट इकडेतिकडे जातात आणि पोरगं बिचारं पोझिशन बदलत बसतं.

घाई असेल तेव्हा फेल्ट पेलेट बरे, पण एकेक मारू नका, दोन-दोन भरा, टारगेटच्या ट्रॅपकडेच मारा, आणि सेफ्टी लाइनने आत काही राहिलं नाही ना हे बघा. स्प्रिंगवाल्या रायफलला, म्हणजे घरी बऱ्याच जणांकडे जी नळी खाली वाकवून भरायची असते तिला, फेल्ट मारणं टाळा. फेल्ट हलकं असल्याने पिस्टनला पुढे उशी मिळत नाही आणि तो आपटतो, तिथे पुल-थ्रूच. त्याच रायफलच्या चेंबरमध्ये साधं मशीन ऑइल पण टाकू नका, दाबाने तेल पेटतं, धूर येतो आणि सील जळतं.

स्टीलचा ब्रश कुठल्याच एअर रायफलच्या बॅरलमध्ये नको. इथे दारूची राख नसते, फक्त शिशाची पातळ पूड आणि पेलेटचं वंगण असतं, कापडाने आरामात निघतं.

आणि शिसं म्हटलं की हात धुणं आलंच. साबण लावून, सफाईनंतर आणि सरावानंतर पण. रेंजवरून निघाल्यावर गेटबाहेर वडापाव खायच्या आधी धुवा, पोरांना सवय लावा, पेलेट तोंडात धरायची सवय तर कोणालाही असेल तर आजच बंद करा. वापरलेल्या पट्ट्या झिपच्या पिशवीत.

हवा गळतेय का

रात्री १८० बार होतं, सकाळी १६० दिसतंय. रायफल गळते की सिलिंडर? यासाठी हत्यार लागतच नाही, फक्त एक रात्र लागते. सिलिंडर रायफलवरून काढून वेगळा ठेवा, काढल्यावर त्याचं मॅनोमीटर बघून आकडा लिहा (काही सिलिंडरला मॅनोमीटर समोरच असतं, काहींचा आकडा फिलिंगच्या अडॅप्टरवरच बघावा लागतो). सकाळी परत बघा. एकटा असताना पण उतरला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा मॅनोमीटरची सील, ते सर्व्हिसचं काम. एकटा असताना तसाच राहिला आणि रायफलवर लावल्यावर उतरतोय तर गळती जोडात किंवा रायफलमध्ये. मग साबणाचं पाणी ब्रशने जोडावर लावा, बुडबुडे जोडाच्या कडेने आले तर ती ओ-रिंग तुम्ही बदलू शकता. बुडबुडे बॅरलमधून किंवा ब्रीचकडून येत असतील तर आतला व्हॉल्व्ह, हात लावू नका. मोजताना दोन्ही वेळेला खोली साधारण सारखीच गार-गरम असू द्या, कारण प्रेशर तापमानाबरोबर बदलतं.

हा तापमानाचा मुद्दा पुण्यात फार लोक विसरतात. एप्रिल-मे मध्ये बालेवाडीच्या पार्किंगला उन्हात बंद गाडीत सिलिंडर ठेवला, आत ६० अंश झालं, तर २७ अंशाला भरलेले २०० बार साधारण २२० च्या वर जातात. म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर. सिलिंडर गाडीत सोडून जायचंच नाही, सोबत न्यायचं. उलट पण होतं, भरताना हवा दाबली जाते आणि सिलिंडर गरम होतो, ४० अंशाला काटा २०० दाखवत असेल तर गार झाल्यावर १९० च्या आसपास उतरतो, ती गळती नाही. म्हणून मोठ्या टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, मध्ये थांबा, गार होऊ द्या, मग वर न्या.

भरायची फक्त कोरडी स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीच नाही, हॉस्पिटलच्या किंवा वेल्डिंगच्या सिलिंडरवरून जुगाड करायचा विचार कोणी करत असेल तर हात जोडून सांगतो, जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि आतलं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो, जीव जातो. ओ-रिंगला पेट्रोलियम ग्रीस न लावता सिलिकॉन ग्रीस लावायचं, आणि तेही इतकं पातळ की रिंग फक्त चमकली पाहिजे.

हातपंपाने भरत असाल तर जून ते सप्टेंबर विशेष काळजी. पावसाळी हवेतलं पाणी दाबाने पंपात जमतं आणि तिथून सिलिंडरमध्ये, मग आत गंज. दर थोड्या वेळाने पंपाची खालची ड्रेन उघडून पाणी सोडा, पंपाला थंड होऊ द्या, आणि शक्य असेल तर पावसात क्लबच्या टाकीवरूनच भरा. बॅगेत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती महिन्याला बदला. ओल्या सॉफ्ट केसमध्ये रात्रभर रायफल ठेवायची नाही, घरी आल्यावर केस उघडी, रायफल पुसून बाहेर, घामाचे बोटांचे ठसे तर आधी पुसा, सगळ्यात लवकर गंज तिथेच धरतो.

सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा. साधारण १० वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर मॅचच्या इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या साधनांच्या तपासणीला) चालत नाही, जबाबदारी खेळाडूची. सेकंडहँड रायफल घेताना लोक बॅरल बघतात, स्टॉक बघतात आणि ही तारीख बघायची राहून जाते, मग नवीन सिलिंडरचा खर्च अंगावर येतो. विमानाने बाहेरगावी मॅचला जायचं असेल तर सिलिंडर आधी रिकामा करायचा अडॅप्टर पण या पाउचमध्ये लागेल, एअरलाइनला तिकिटाच्या वेळीच विचारून ठेवा.

स्क्रू

ग्रुप (टारगेटवरचा शॉटचा पुंजका) अचानक पसरायला लागला, पोरगं म्हणतं माझंच काहीतरी चुकतंय. ट्रेनिंगला दोष द्यायच्या आधी स्क्रू बघा. स्टॉकचा मेन बोल्ट, बट प्लेट, चीक पीस, मागच्या साइटचा क्लॅम्प, पिस्तुलाला ग्रिपचा स्क्रू. मॅन्युअलमधल्या टॉर्कने एकदा नीट आवळा (टॉर्क रेंच क्लबमध्ये असतो, नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या), आणि पांढऱ्या मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, एका नजरेत कळतं, चावी लावून बघायची पण गरज नाही. रेंजवर आवळताना रेघ परत जुळेपर्यंतच, जास्त नाही. ॲलन की घालायच्या आधी स्क्रूच्या खाचेतली धूळ काडीने काढा, की पूर्ण खाली बसली की मगच फिरवा.

पिस्तूलवाल्यांनी एक जास्तीचं बघायचं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम उचलला पाहिजे, आणि तो तापमानाने, स्क्रू सरकल्याने हलतो. अगदी ५०० वर सेट करू नका, थोडा वर ठेवा, आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या लाइनीत उभं राहायच्या आधी क्लबच्या वजनाने दोन-तीनदा उचलून बघा. रायफलला ट्रिगरच्या वजनाची मर्यादा नाही, पण एकूण वजन ५.५ किलोच्या आत पाहिजे, बॅरलला नवीन वजनं लावली असतील तर काट्यावर ठेवा.

ज्यांची रायफल घरची आहे आणि मॅचची नाही त्यांच्यासाठी एवढंच की आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर गन लायसन्सशिवाय ठेवता येते. १० मीटरची मॅच रायफल साधारण साडेसात जूलच्या आसपास असते. ताकद वाढवायला स्प्रिंग बदलणं, व्हॉल्व्हशी खेळणं असले प्रकार करून त्या मर्यादेशी खेळू नका, आणि गच्चीवर कबुतरांवर तर मुळीच नाही. बिल जपून ठेवा, त्याची झेरॉक्स बॅगेत ठेवा, रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर केस उघडून न दाखवता आधी बिल दाखवा आणि शांतपणे सांगा काय आहे ते.

मॅचच्या आदल्या रात्री पाउच एकदा पूर्ण रिकामं करून परत भरा. बॅटरी नवीन आहे का, ओ-रिंग आहेत का, सेफ्टी लाइन आहे का, सिलिंडर दोन्ही भरलेत का, आणि दोन्हीचे आकडे वहीत लिहिलेत का. सकाळी तेच आकडे परत बघा. एक जरी उतरलेला दिसला तरी तो सिलिंडर सराव शॉटला वापरा आणि न उतरलेला मॅचला लावा.